लेमुरॉइड: जुने कन्सोल गेम फोनवर, जाहिरातींशिवाय

पिक्सेलपंत (धागाकर्ता)

अँड्रॉइड फोनवर जुने कन्सोल गेम खेळायचे असतील तर माझं एकच सांगणं आहे, लेमुरॉइड घ्या. फुकट आहे, जाहिरात एकही नाही, आणि सगळा सोर्स कोड गिटहबवर जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. प्ले स्टोअरवर मिळतं. गूगलच्या वाटेला जायचं नसेल तर एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानातही मिळतं. फिलिप्पो स्कोन्यामिल्यो या प्रोग्रॅमरने ते उभं केलं. लिनक्सवाल्यांना त्याचं 'कूल रेट्रो टर्म' ठाऊक असेल, जुन्या काचेच्या मॉनिटरसारखा दिसणारा टर्मिनल. तोच हा माणूस.

ॲप पहिल्यांदा उघडलं की ते एक फोल्डर मागतं. तुमच्या गेमच्या फायली ज्यात आहेत तो फोल्डर दाखवायचा, बास. फायली झिप असल्या तरी चालतात. कुठली फाईल कुठल्या मशीनची हे ते स्वतः ओळखतं आणि कव्हरच्या चित्रांसकट यादी लावून देतं. गेममधून बाहेर पडलात की तिथली अवस्था आपोआप साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच खेळ सुरू होतो. पडद्यावरची बटणं लहानमोठी करता येतात, सरकवता येतात. ब्लूटूथ गेमपॅड जोडला की चालतो, दोन जोडले तर दोघांनी मिळून खेळता येतं.

आता हे चालतं कसं, ते थोडं सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा होता आणि कामाची मेमरी होती २ किलोबाईट. एम्युलेटर म्हणजे त्या यंत्राचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उतरवणारा प्रोग्रॅम. प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा, चित्र काढणाऱ्या चिपची प्रत्येक ओळ, आवाजाचा प्रत्येक चॅनेल त्यात येतो. लेमुरॉइड हे सगळं स्वतः करत नाही. ते लिब्रेट्रो नावाच्या व्यवस्थेवर बसलेलं आहे. त्या व्यवस्थेत प्रत्येक मशीनसाठी वेगळा 'कोअर', म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा भाग, असतो. फॅमिकॉमसाठी एफसीईयूएमएम, सुपर निन्टेंडोसाठी स्नेसनाइनएक्स, गेम बॉयसाठी गॅम्बाटे, गेम बॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए, सेगाच्या मशीनसाठी जेनेसिस प्लस जीएक्स, पहिल्या प्लेस्टेशनसाठी पीसीएसएक्स-रीआर्म्ड, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी. एकेका कोअरमागे माणसांची दहा-दहा, वीस-वीस वर्षांची मेहनत आहे. ती त्यांनी लोकांसाठी मोकळी सोडली.

आणि तिचं काय होतं? ॲप स्टोअरवर जाहिरातींनी भरलेली जी एम्युलेटर दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात हेच कोअर असतात. वरचं नाव बदललेलं, खाली मूळ लेखकांचा उल्लेख नाही. असंच एक ॲप मी घरच्या टॅबवर पाहिलं. सेव्ह करायचं असेल तर आधी अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघा म्हणे! स्नेसनाइनएक्सचा परवाना तर व्यापारी वापराला सरळ मनाई करतो, तरी त्याच्या जिवावर पैसे कमावणारे आहेतच. मला याची मनापासून चीड येते. म्हणून हा धागा. ज्यांनी काम केलं त्यांचं नाव ज्या ॲपमध्ये दिसतं आणि ज्याचा कोड कुणीही उघडून तपासू शकतं, ते वापरा. उद्या फिलिप्पोने काम थांबवलं तरी दुसरा कुणी तोच कोड घेऊन पुढे जाऊ शकतो. लेमुरॉइडची सुरुवातही रेट्रोग्रेड नावाच्या आधीच्या एका खुल्या प्रकल्पातूनच झाली होती.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

साताऱ्याची सई

पंत, तुमचं वाचून लगेच टाकलं. पण आत काहीच नाही! एकही गेम दिसत नाही. कुठून तरी डाउनलोड करायचे असतात का? भाचा म्हणतो, गेम उतरवून चोवीस तासांत डिलीट केला तर कायद्याने चालतं. खरं आहे का ते?

पिक्सेलपंत

सईताई, ॲप रिकामंच येतं आणि ते तसंच यायला हवं. गेम ज्या कंपनीचे आहेत त्यांचे हक्क कंपनीकडे असतात, म्हणून एम्युलेटर बनवणारे गेम सोबत देत नाहीत. चोवीस तासांची गोष्ट इंटरनेटवर फार जुनी आहे, पण कुठल्याही कायद्यात ती सापडत नाही. वकीलकाका इथे आहेत, नेमकं ते सांगतील.

फौजदारी वकील, कोल्हापूर

सांगतो. आधी एम्युलेटरचं. दुसऱ्याच्या यंत्राचं वागणं अभ्यासून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणं यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. सोनीने कनेक्टिक्स या कंपनीवर तो भरला होता, कारण कनेक्टिक्सने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा एम्युलेटर काढला होता. २००० साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमबद्दल सवलती आहेत, त्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचीही सवलत आहे.

आता गेमचं. त्याच कलमातलं (१)(कक) हे उपकलम म्हणतं की प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याला ती हरवू नये, नष्ट किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत काढता येते, आणि तीही मूळ कामासाठी वापरायलाच. म्हणजे तुमच्याकडे खरी कॅसेट किंवा डिस्क असेल आणि तिच्यावरून तुम्हीच प्रत काढली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. कुठल्या तरी साइटवरून उतरवलेल्या फायलीला हे संरक्षण मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही.

एक गोष्ट इथल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण सांगायलाच हवी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत जे 'टीव्ही व्हिडिओ गेम' होते ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार इन वन' कॅसेटही परवाना घेऊन काढलेल्या नव्हत्या. तेव्हा 'माझ्याकडे कॅसेट होती, म्हणून माझा हक्क आहे' हा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

आणि २०२४ चं यूझूचं प्रकरणही लक्षात ठेवा. निन्टेंडोने आपल्या स्विच या कन्सोलच्या त्या एम्युलेटरवर फेब्रुवारीत दावा लावला आणि मार्चमध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड होऊन प्रकल्प बंद पडला. त्याच मंडळींचा निन्टेंडोच्या थ्रीडीएस या कन्सोलचा सिट्रा हा एम्युलेटरही त्यासोबत गेला. ते भांडण नव्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या मशीनवरचं होतं आणि त्यात कूटलेखनाची कुलपं उघडण्याचा मुद्दा होता. चाळीस वर्षं जुन्या फॅमिकॉमची गोष्ट तिथपर्यंत ताणू नये, पण गाफीलही राहू नये.

पिक्सेलपंत

काका, आभार. यावर माझं एक म्हणणं जोडतो. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी केली. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या कन्सोलची ऑनलाइन दुकानंही बंद केली. पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी विकत घ्यायला काही नाही, अशी स्थिती आहे. कायदा बदलायला हवा असं मला ठामपणे वाटतं, पण तो बदलेपर्यंत इथे फायलींच्या लिंका कृपया देऊ नका.

सईताई, तुम्हाला आज संध्याकाळीच काही खेळायचं असेल तर होमब्रू बघा. म्हणजे जुन्या मशीनसाठी आजच्या लोकांनी लिहिलेले गेम. गेम बॉयसाठी 'टोबू टोबू गर्ल' आहे, कोडसकट मोफत. सारखं वर उडी मारत जायचं, साधं आणि चटक लावणारं. शहर वसवायची आवड असेल तर गेम बॉय कलरसाठी 'म्यू-सिटी' आहे. रस्ते, वीज, घरं, कारखाने, सगळं त्या एवढ्याशा पडद्यावर. होमब्रू हब या साइटवर असे पुष्कळ आहेत. फाईल उतरवा, फोल्डरमध्ये टाका, लेमुरॉइडला पुन्हा स्कॅन करू द्या.

लॅमिंग्टन रोडचा

चांगला धागा. माझी अडचण वेगळीच आहे. माझ्या फॅमिकॉम-नकलेची एक कॅसेट मित्राने डंपरवर, म्हणजे कॅसेटमधला गेम फाईलमध्ये उतरवणाऱ्या यंत्रावर, लावून वाचली. कोअर ती उघडतो, पण खेळ *पळतो*. कॉन्ट्राचं संगीत मला आठवतं त्यापेक्षा भराभर वाजतं. उडी मारायचं टायमिंग चुकतं. घरचे म्हणतात तुझं वय झालं. फोनच्या स्क्रीनमुळे होत असेल का? माझा फोन १२० हर्ट्झचा आहे.

ट्रान्झिस्टर_नाना

वयाचा काही संबंध नाही, आणि फोनचाही नाही. तुमच्या आठवणीतला खेळ खरोखरच संथ होता.

जपान-अमेरिकेत टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साठ चित्रं. आपल्याकडे दूरदर्शनची पद्धत पॅल, सेकंदाला पन्नास. फॅमिकॉमचे गेम साठ चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. खेळाची प्रत्येक हालचाल आणि संगीताची प्रत्येक पुढची नोंद एकेका चित्रागणिक पुढे सरकते. पॅल टीव्हीवर चालायला बनवलेल्या नकला सेकंदाला पन्नासच चित्रं काढायच्या, म्हणून सगळा खेळ साधारण सतरा टक्के हळू चालायचा. शत्रू हळू, उडी हळू, संगीताची लयही हळू.

आता त्यातली खरी गंमत. निन्टेंडोने युरोपसाठी जो अधिकृत पॅल कन्सोल काढला त्यात प्रोसेसरचा वेगही कमी केला होता, १.६६ मेगाहर्ट्झ. आवाजाची चिप त्याच घड्याळावर चालते, त्यामुळे त्यावर जपानी गेम लावला की लयही उतरायची आणि सूरही उतरायचा. नकला बनवणाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. प्रोसेसर ठेवला १.७७ मेगाहर्ट्झवर, मूळच्या जवळजवळ तेवढाच, आणि जास्तीचा वेळ चित्राच्या शेवटच्या रिकाम्या ओळींत घालवला. म्हणून आपल्या मशीनवर सूर मूळचाच राहिला, फक्त लय संथ झाली. रशियात याच जातीची डेंडी नावाची नक्कल अफाट खपली, म्हणून एम्युलेटरवाले या पद्धतीला 'डेंडी' असंच म्हणतात.

उपाय: लेमुरॉइडने मोजकेच पर्याय बाहेर ठेवले आहेत, या कामाला ते पुरणार नाही. रेट्रोआर्क घ्या, तेही लिब्रेट्रोचे कोअर चालवणारं ॲप, खुलं आणि फुकट. त्यात एफसीईयूएमएम कोअर उतरवा, गेम सुरू करा, मेनूत कोअर ऑप्शन्समध्ये रीजन आहे, तिथे डेंडी निवडा. कोअर हाच घ्या. त्याच्या नावातल्या दोन 'एम'चा अर्थच मुळी 'मॅपर्स मॉडिफाइड' असा आहे. आपल्या इन-वन कॅसेटांमध्ये ज्या चित्रविचित्र सर्किटांनी, म्हणजे मॅपरनी, मेमरीचे तुकडे बदलले जायचे, त्यांतली शेकडो या कोअरवाल्यांनी एकेक करून शोधून लिहून ठेवली आहेत. परवाना नसलेल्या, कंपनीचं नावही नसलेल्या कॅसेटांसाठी कुणी एवढं खपलं आहे, हे मला फार मोठं वाटतं. आपल्या बालपणाची नोंद दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही.

लॅमिंग्टन रोडचा

नाना!! लावलं. तेच आहे. अगदी तेच. धबधब्याच्या लेव्हलला हात आपोआप बरोबर पडायला लागले. घरच्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवली.

पिक्सेलपंत

नाना, हे मलाही नवीन आहे. तुमची पोस्ट मूळ लेखातून जोडून देतो, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

शिवनेरी ते सिडनी

आयफोनवाल्यांनी काय करायचं?

पिक्सेलपंत

डेल्टा घ्या. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये नियम बदलून जुन्या कन्सोलचे एम्युलेटर ॲप स्टोअरवर येऊ दिले. त्यानंतर लगेच एकाने रायली टेस्टट यांच्या जुन्या जीबीए-फॉर-आयओएस या खुल्या एम्युलेटरची नक्कल जाहिराती लावून स्टोअरवर टाकली आणि ती भरपूर उतरवली गेली. ओरड झाल्यावर ॲपलने ती काढली. १७ एप्रिलला खुद्द टेस्टट यांचं डेल्टा आलं, मोफत. वर मी जे चिडून लिहिलं त्याचं याहून ठळक उदाहरण नाही. फॅमिकॉमपासून डीएसपर्यंत निन्टेंडोच्या मशीनसाठी डेल्टा उत्तम. मे महिन्यात रेट्रोआर्कही ॲप स्टोअरवर आलं, बाकीच्या मशीनसाठी ते.

अनुराधा_नाशिक

दोन शंका. १) पहिल्या प्लेस्टेशनच्या माझ्या मूळ डिस्क आहेत, लॅपटॉपवर प्रती काढल्या. एकेक गेम सहाशे-सातशे एमबी, आणि काहींच्या डझनभर फायली. फोनमध्ये जागा नाही. २) सेव्ह दोन प्रकारचे दिसतात, गेमच्या आतलं आणि ॲपचं. कुठलं वापरायचं?

पिक्सेलपंत

पहिलीचं उत्तर सीएचडी, म्हणजे डिस्कची प्रत दाबून ठेवायचा एक फाईल-प्रकार. मेम या जुन्या एम्युलेटरचा जो प्रकल्प आहे त्यात सीएचडीमॅन नावाची छोटी अवजारवजा आज्ञा येते. तिला क्यू फाईल, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांची यादी असलेली फाईल, दाखवली की सगळ्या तुकड्यांची मिळून एक दाबलेली फाईल बनते. माहिती काहीच गमावली जात नाही. लेमुरॉइड ती थेट चालवतं. प्लेस्टेशनला बायोसचीही, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, फाईल लागते. कोअरमध्ये पर्यायी व्यवस्था आहे, पण खऱ्या बायोसवर जास्त गेम नीट चालतात. ती फाईल गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवायची. सेटिंगमध्ये बायोसची यादी आहे, तिथे सापडली की नाही ते कळतं.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे. ॲपचं सेव्ह म्हणजे त्या क्षणीच्या संपूर्ण मेमरीचा ठसा. कोअरची आवृत्ती बदलली की जुना ठसा उघडेनासा होऊ शकतो. गेमच्या आतलं सेव्ह मात्र खऱ्या कॅसेटच्या बॅटरीवर किंवा मेमरी कार्डवर जे लिहिलं जायचं तेच असतं. ते आवृत्ती बदलली तरी टिकतं, दुसऱ्या एम्युलेटरमध्येही नेता येतं. लांबलचक गेम खेळत असाल तर रोज उठताना गेमच्या आतलंच सेव्ह करा. ॲपचं सेव्ह मधल्या अवघड जागेसाठी.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. ब्लूटूथ हेडफोन लावून खेळू नका. आवाज मागे पडतो आणि बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं.

मिरजेचा मी

मी शिकतोय अजून, पण इथे सांगावंसं वाटलं. मी गेम बॉयसाठी मराठीत एक छोटा गेम लिहितोय, जीबीडीके हा गेम बॉयसाठीचा साधनसंच वापरून, सी भाषेत. एका पोराला आजीचं पत्र गावभर फिरून पोचवायचं आहे, एवढंच. रोज बनवतो आणि रोज लेमुरॉइडवर चालवून बघतो.

अडलोय देवनागरीवर. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि सगळं चित्र आठ बाय आठच्या चौकोनी टाइल्समध्ये. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये मजेत बसतं. आपलं बसत नाही. आठ ओळींपैकी एक शिरोरेषा घेते, वेलांटी-मात्रा वर किमान दोन घेतात, उकार खाली दोन. अक्षराच्या अंगाला तीन ओळी उरतात. तीन ओळींत 'घ' आणि 'ध' वेगळे काढून दाखवा! म्हणून एकावर एक दोन टाइल, आठ बाय सोळा असं केलं. तेव्हा कुठे 'कु' आणि 'कू' वेगळे वाचता यायला लागले. पण 'झ', 'ज्ञ', 'ख' रुंदीतही मावत नाहीत, त्यांना चार टाइल लागतात.

आणि पार्श्वभूमीला एका वेळी २५६ टाइल्सच वापरता येतात, त्यात गावाची घरं, झाडं, रस्तेही आले. सगळी बाराखडी भरायची म्हटली तर जागाच नाही. काय करावं?

ट्रान्झिस्टर_नाना

बाळा, सगळी बाराखडी भरूच नकोस. तुझ्या संवादात जी अक्षरं येतात तेवढीच भर. संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिही. प्रत्येक प्रसंगातला मजकूर वाचून त्यातली वेगवेगळी अक्षरं, मात्रा-जोडाक्षरांसकट, ती काढेल आणि त्यांच्याच टाइल्सचा संच बनवेल. प्रसंग बदलला की संच बदलायचा. एका संवादाच्या चौकटीत तीन ओळी असतील तर वेगळी अक्षरं तीसच्या वर क्वचित जातील. ऱ्हस्व वेलांटीची चिंता तिथेच मिटते, कारण 'कि' हे अख्खं एक चित्र होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ती व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दिसते आधी, ते कोडमध्ये सांभाळत बसावं लागत नाही.

शिरोरेषा सगळ्या टाइल्सवर एकाच ओळीवर ठेव, वरून पाचवी किंवा सहावी, आणि 'ध', 'भ' अशी तुटक रेषेची अक्षरं सोडून पहिल्या पिक्सेलपासून आठव्यापर्यंत अखंड ओढ. तुझ्या टाइल्स आपोआप शब्दासारख्या जुळतील. शब्द संपला की एक कोरी टाइल.

मिरजेचा मी

केलं नाना. शिरोरेषा सहाव्या ओळीवर ठेवली, 'र्क'चा रफार वरच्या पाच ओळींत मावतो. पहिल्या प्रसंगात ४१ अक्षरं निघाली. पत्राचा मजकूर वाचता येतोय! एकच राहिलं, 'ळ' आणि 'क' जवळजवळ आले की गोंधळ होतो, दोन्हीच्या पोटात गाठ.

ट्रान्झिस्टर_नाना

'ळ'ची दंडी काढूनच टाक, दोन्ही गाठी मोठ्या कर आणि मधे एक पिक्सेल मोकळा सोड. 'क'ची दंडी मात्र पूर्ण उंचीची ठेव.

अनुराधा_नाशिक

मिरजकर, झाला की फाईल इथे टाका. ही लिंक तरी धागाकर्ते देऊ देतील.

पिक्सेलपंत

ही तर मीच वर चिकटवेन. आणि कोडही सोबत द्या, परवाना लिहून. नानांची ती टाइल काढणारी स्क्रिप्ट वेगळी ठेवा, मराठीत गेम लिहू पाहणाऱ्या पुढच्या माणसाला ती लागेल.